घाबरण्याचे मराठी शब्द आणि त्यांचे इंग्रजी



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभा राहिला की श्रोत्यांची एक ठराविक अपेक्षा असते. तो बोनसवर बोलेल, महागाईभत्त्यावर बोलेल, फार तर कामगार कायद्यांवर बोलेल. आज आम्ही शब्दांवर बोलणार आहोत, तेही घाबरण्याच्या शब्दांवर. चिटणिसांनी विषय ऐकला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर किंचित चलबिचल झाली होती. ती आम्ही पाहिली आणि हा शब्दही यादीत टिपून घेतला.

आम्ही भाषेचे पंडित नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रात्रीच्या शाळेत आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे. पण गेली तीस वर्षे आम्ही एक काम सातत्याने करीत आलो आहोत. मराठी बोलणाऱ्या माणसाचे म्हणणे इंग्रजी कागदावर उतरते तेव्हा आम्ही शेजारी बसलेले असतो. जबानी, वैद्यकीय दाखला, आरोपपत्राचे उत्तर, नुकसानभरपाईचा दावा, अशी ही सगळी कागदपत्रे. आता 1964 साली महाराष्ट्राचा राजभाषा कायदा झाला आणि सरकारी कचेऱ्यांतून मराठी आली, हे खरे. परंतु कंपनीचा वकील, विमा कंपनी, मोठा डॉक्टर आणि वरचे न्यायालय यांच्याकडे जाणारा कागद अजून बहुधा इंग्रजीतच जातो. त्या कागदांवर एक शब्द आम्हांला इतक्या वेळा भेटला की त्याच्याशी आमचे वैरच जमले. तो शब्द म्हणजे ‘नर्व्हस’. धसका बसलेला माणूस नर्व्हस, धाकात असलेला माणूस नर्व्हस, छातीत कळ येणारी बाई नर्व्हस आणि मुलाखतीला आलेला पोरगाही नर्व्हसच!

हा विषय बोलायला कोयनानगरासारखे दुसरे ठिकाण नाही. येथल्या माणसाला भीतीचा अनुभव पुस्तकातून घ्यावा लागत नाही. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी येथे जो भूकंप झाला, त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. या वसाहतीतली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. आमचा तेव्हा जन्म झालेला नव्हता. पण ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांच्याशी आम्ही पुष्कळ बोललो आहोत, आणि त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ही माणसे ‘आम्ही घाबरलो’ असे क्वचितच म्हणतात. ती अधिक नेमके बोलतात.

त्या वर्षी 13 सप्टेंबरलाही एक मोठा धक्का बसला होता. त्या दोन धक्क्यांमधल्या महिन्यांविषयी जुनी माणसे म्हणतात, “धास्ती होती.” जमिनीतून गुरगुर ऐकू आली की “काळजात धस्स व्हायचं.” प्रत्यक्ष त्या पहाटेबद्दल म्हणतात, “गाळण उडाली,” “बोबडी वळली,” “कुणाला कुणाचा पत्त्या नव्हता.” आणि नंतरच्या दिवसांबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली येतो. “आईनं धसका घेतला.” “थोरल्या चुलत्यानं हाय खाल्ली, तो काही पुढं जगला नाही.” पाहा, या चार-पाच वाक्यांत काळ कसा मांडलेला आहे. धास्ती ही गोष्ट घडण्यापूर्वीची; होऊन गेलेले पुन्हा होईल म्हणून लागते. धस्स होते ते एका क्षणात आणि त्याच क्षणात संपते. गाळण उडते ती गोष्ट घडत असताना. धसका हा घडून गेल्यावरचा, आणि तो माणसाच्या अंगात वस्ती करून राहतो. हाय खाल्ली म्हणजे त्या वस्तीपुढे माणूस मोडला. ज्याला मराठी येते त्याला ‘केव्हा?’ असे विचारावे लागत नाही. शब्दच ते सांगतो. या सर्वांना ‘नर्व्हस’ म्हटले की पहिली गोष्ट गळते ती काळ.

येथे आणखी एक मौज आहे, तिला मौज म्हणणे बरोबर असेल तर. माणसाच्या मनाला जे होते आणि जमिनीला जे होते, त्यांची क्रियापदे मराठीत एकच आहेत. जमीन हादरते, माणूस हादरतो. भिंत खचते, माणूस खचतो. धक्का घराला बसतो आणि घरधन्यालाही बसतो. कंप तर दोहोंकडे आहेच. भूकंपात आहे, हृत्कंपात आहे, म्हाताऱ्या माणसाच्या कंपवातातही आहे. यांपैकी जमिनीच्या कंपाची नोंद येथे चोख होते. 1962 साली जलाशयात पाणी साठू लागल्यापासून या भागात पाचपेक्षा मोठ्या क्षमतेचे वीसहून अधिक धक्के झाले आणि लहान धक्क्यांची तर मोजदाद हजारांनी आहे. शास्त्रज्ञांनी गोठणे येथे तीन किलोमीटर खोल भोक पाडून जमिनीच्या पोटात काय चालले आहे ते पाहिले. ही विद्या मोठी आहे आणि तिच्याविषयी आम्हांला आदर आहे. दुसऱ्या कंपाची नोंद मात्र अजून कारकुनाच्या मर्जीवर चालते.

आता शब्दांकडेच वळू. आम्ही एका वहीत ते लिहून ठेवत गेलो, तेव्हा दिसले की मराठी माणूस मनात घाबरतच नाही. तो अंगात घाबरतो. पोटात गोळा येतो, छातीत धडकी भरते, काळजाचा ठोका चुकतो, घशाला कोरड पडते, तोंडचे पाणी पळते, पाय लटपटतात, हातपाय गळतात, अंगाला कापरे भरते, अंगावर काटा उभा राहतो. कामगाराच्या दृष्टीने यातला प्रत्येक शब्द म्हणजे एकेक लक्षण आहे. पाय लटपटणारा माणूस खांबावर चढवता येत नाही. हाताला कापरे भरलेल्या माणसाला लेथवर उभे करता येत नाही. घशाला कोरड पडलेल्याला मात्र पाणी देऊन कामावर पाठवता येईल. मुकादमाला हे शब्द नीट ऐकता आले तर त्याला डॉक्टरची निम्मी माहिती फुकट मिळते.

आणि जीव? जीव हा तर सतत हिंडत असतो. तो वरखाली होतो, टांगणीला लागतो, कासावीस होतो, अर्धा होतो, मुठीत धरावा लागतो आणि सगळे निभावले की भांड्यात पडतो. जीव टांगणीला लागतो तो घरी बसलेल्या माणसाचा. नवरा घाटापलीकडे पोफळीच्या भुयारात कामाला आहे, पाळी सुटून दोन तास झाले, आणि तो आला नाही. अशा बाईचा जीव टांगणीला लागतो. तिला करण्यासारखे काही नसते, म्हणून टांगणी. उलट जीव मुठीत धरतो तो काम करणारा. भुयार खणणारा, तारेवरचा, उंच पायाडावरचा. त्याची मूठ चालू असते, तो घाबरलेला असूनही काम करीत असतो. यास भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. जीव मुठीत धरून काम करणाऱ्याच्या हातूनच आपल्या देशातली बहुतेक धरणे उभी राहिली.

‘पाचावर धारण बसणे’ हा वाक्प्रचार आम्हांला विशेष आवडतो. धारण म्हणजे बाजारातला दर, हा जुन्या मराठीतला अर्थ. रुपयाला पाच शेरच धान्य मिळू लागले की दुष्काळ दारात आला असे समजत, आणि त्यावरून हा वाक्प्रचार निघाला अशी एक व्युत्पत्ती सांगतात. आम्हांला ती पटते, कारण ती आमच्या धंद्याला सोयीची आहे! वाघाला पाहून जितकी माणसे घाबरली असतील त्याहून अधिक वाण्याच्या भावाला घाबरली असणार.

ही वही करताना आम्ही मोल्सवर्थच्या कोशाचा आधार घेतला. जेम्स मोल्सवर्थ हा इंग्रज लष्करी माणूस; त्याचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली छापला गेला आणि 1857 साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली. तीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. त्याच्या मदतीला कँडी बंधू होते आणि आपल्याकडचे शास्त्री-पंडित होते. आमच्या कचेरीत या कोशाचे पुनर्मुद्रण आहे, त्याचा पुठ्ठा दोनदा बदलावा लागला. या कोशकाराचा एक गुण आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना नेहमी सांगतो. एका मराठी शब्दापुढे एकच इंग्रजी शब्द ठेवून तो मोकळा होत नाही. तो दोन देतो, तीन देतो, शब्द माणसाला लागतो की जनावराला ते सांगतो, आणि शब्द आवाजावरून बनलेला असेल तर तशी खूण करतो. घाबरण्याच्या शब्दांत अशा आवाजी शब्दांचा भरणा मोठा आहे: धडधड, थरथर, धाकधूक, लटपट, चर्र, धस्स. या शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द देणे म्हणजे ढोलकीचा बोल पेटीवर वाजवण्यासारखे आहे. तरी तो माणूस प्रामाणिकपणे दोन-तीन सूर लावून पाहतो. परक्या देशातून आलेल्या लष्करी माणसाला जो धीर धरता आला, तो आपल्याच गावच्या टंकलेखकाला का धरता येऊ नये? हल्ली तर जबानी मोबाइलमध्ये बोलली की तिचे इंग्रजी क्षणात होऊन मिळते. काम झटपट होते, पण शब्द तपासायला माणूस लागतोच.

येथे कोणी असे समजू नये की आम्ही इंग्रजीची निंदा करीत आहोत. इंग्रजी शब्दांनाही अंगे आहेत, पोट आहे, इतिहास आहे. फक्त ते आपल्या कारकुनापर्यंत पोचलेले नाहीत. ‘नर्व्हस’ याच शब्दाचे पाहा. त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि तेथे त्याचा संबंध स्नायूशी, कंडरेशी होता. इंग्रजीतही पूर्वी ‘नर्व्हस’ म्हणजे पिळदार, जोरकस असा अर्थ होता. मज्जातंतूंच्या विकाराचा अर्थ अठराव्या शतकात बळावला आणि पिळदार माणसाचा शब्द दुबळ्या माणसाला चिकटला. ‘अँग्झायटी’ या शब्दाच्या मुळाशी गळा आवळला जाणे आहे. संस्कृतातला ‘अंहस्’ हा संकटवाचक शब्द त्याच्याच कुळातला. ‘पॅनिक’ हा ग्रीकांच्या पॅन नावाच्या रानातल्या देवावरून आला. म्हणजे रानात अकारण झडप घालणारी जी भीती, ती पॅनिक. आपल्याकडे गुराखी ज्याला चकवा किंवा झपाटणे म्हणेल त्याच्या हा जवळचा. इतके वेगळे शब्द इंग्रजीत असताना कागदावर एकटा ‘नर्व्हस’च का येतो? तो सोपा आहे आणि त्याने कोणाचेही काही बिघडत नाही, म्हणून. कोणाचे, ते पुढे सांगतो.

आणि असे बारीक शब्द असणे हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य आहे, असाही गर्व नको. फिलिपिन्स देशात सेबू बेट आणि त्याच्या आसपास सेबुआनो नावाची भाषा बोलतात. जगातल्या मालवाहू जहाजांवर फिलिपिनो खलाशी मोठ्या संख्येने आहेत आणि आपले कोकणातले खलाशी त्यांच्या शेजारी काम करतात. त्या भाषेत भीतीला ‘हादलोक’ म्हणतात, काळजीला ‘बालाका’ आणि थरथरण्याला ‘कुरोग’. पण छातीत एकदम धडधडू लागते त्याला ‘कुल्बा’ असा निराळा शब्द आहे. इंग्रजीत त्याचाही अर्थ बहुधा ‘नर्व्हस’ असाच देतात. आम्ही मात्र त्याच्यापुढे सरळ ‘धाकधूक’ किंवा ‘धडकी’ लिहिले आणि आमचे काम भागले. गंमत अशी की रोमहर्षक, थरारक अशा अर्थाचा त्यांचा शब्दही या कुल्बापासूनच बनतो. ती माणसेही भूकंपाच्या मुलखातली. 15 ऑक्टोबर 2013 रोजी बोहोल बेटावर 7.2 क्षमतेचा धक्का बसून दोनशेहून अधिक माणसे गेली. सेबूचा खलाशी आणि पाटणचा खलाशी यांनी इंग्रजी बाजूला ठेवून एकमेकांच्या छातीवर हात ठेवला तर त्यांचे अधिक चांगले जमेल असे आम्हांला वाटते.

आता शब्द चुकला तर बिघडते काय, या प्रश्नाकडे येऊ.

पहिल्या महायुद्धात खंदकांत तोफगोळ्यांच्या माऱ्याखाली राहिलेले पुष्कळ सैनिक विचित्र आजाराने परत आले. जखम नाही, पण वाचा गेलेली, पाय चालत नाहीत, हात थरथरतात. सैनिकांत त्याला ‘शेल शॉक’ म्हणू लागले. म्हणजे तोफगोळ्याचा धसका. चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टराने 1915 साली वैद्यकाच्या नियतकालिकात तो शब्द वापरला. मग लष्करापुढे प्रश्न उभा राहिला की हा माणूस जखमी धरायचा की आजारी? त्यांनी दोन अक्षरे ठरवली. शत्रूच्या गोळ्याने झाले असेल तर ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी. नाहीतर ‘एस’, म्हणजे आजारी. जखमी ठरला तर मान होता, पेन्शनची वाट मोकळी होती. आजारी ठरला तर नव्हती. एका अक्षरावर घरची चूल अवलंबून! पुढे अशा सैनिकांची संख्या फार वाढली तेव्हा 1917 साली तो शब्दच कागदावर लिहायला मनाई झाली आणि त्याच्या जागी लिहू लागले, ‘नॉट येट डायग्नोज्ड, नर्व्हस’. निदान अद्याप झालेले नाही, नर्व्हस. बंधूंनो, हा आमचा जुना वैरी तेथेही हजर आहे. ‘तोफगोळ्याचा धसका’ म्हटले की तोफगोळा कागदावर राहतो. ‘नर्व्हस’ म्हटले की तोफगोळा जातो आणि सैनिक तेवढा उरतो.

हेच आम्ही आपल्या जिल्ह्यात पाहिले. कारखान्याचे नाव सांगत नाही. वाफेचा पाइप फुटून एक फिटर गेला. त्याच्या शेजारी उभा असलेला दुसरा फिटर खरचटलासुद्धा नाही. महिनाभराने तो कामावर आला, पण वाफ फुसफुसली की त्याच्या पायांतले बळ जाई. एके दिवशी त्याने त्या भागात काम करण्यास नकार दिला आणि त्याच्यावर आरोपपत्र आले. खातेनिहाय चौकशीत आम्ही त्याचे प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. तो म्हणाला, “सायेब, मला कामाचं भ्या न्हाई. वीस वर्सं केलंय. पर त्या दिवसापासनं धसका बसलाय.” टंकलेखकाने वर पाहिले नाही. संध्याकाळी सहीसाठी कागद आला, त्यावर इंग्रजीत होते की मी नर्व्हस स्वभावाचा माणूस आहे.

पाहा, काय काय झाले ते. ‘मला भ्या न्हाई’ हे वाक्य गेले. ‘वीस वर्सं’ गेली. ‘त्या दिवसापासनं’ गेले, म्हणजे तारीख गेली आणि तारखेबरोबर पाइपही गेला. जी गोष्ट कारखान्यात घडली होती ती माणसाच्या स्वभावात जाऊन बसली. स्वभावाला जबाबदार कोण? आई-बाप! त्या टंकलेखकाने हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. त्याला तेवढाच शब्द येत होता. पण कागदाचा फायदा कोणाला झाला हे उघड आहे.

आम्ही सही करू दिली नाही. आमचे म्हणणे एवढेच होते की इंग्रजी मजकुरात ‘धसका’ हा शब्द जसाच्या तसा ठेवा आणि पुढे त्याचा अर्थ लिहा: एखाद्या भयंकर घटनेने बसलेला व टिकून राहिलेला आघात. यावर दोन बैठका गेल्या. चौकशी अधिकारी म्हणाले, “अहो, इंग्रजीत मराठी शब्द कसा चालेल?” आम्ही म्हटले, “साहेब, ‘घेराव’ कसा चालतो?” ते हसले, पण शब्द राहिला. आरोप मागे घेतला गेला, माणसाला त्याच पगारावर स्टोअरमध्ये काम मिळाले. भरपाई मिळाली नाही. 1923 च्या भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्के गेली असे धरले होते, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर चाळीस टक्के. धसक्यापुढे आकडाच नव्हता. कायदा करणाऱ्यांनी हाताची बोटे पेरापेरांनी मोजली. काळीज मोजायचे राहिले.

दुसरा एक शब्दांचा गट आहे, त्यात भीती घाबरणाऱ्याच्या अंगात नसतेच. ती घाबरवणाऱ्याच्या नावावर जमा असते. धाक, वचक, जरब, दरारा, दहशत. ‘मुकादमाचा दरारा आहे’ असे आपण म्हणतो. व्याकरणाने दरारा मुकादमाच्या मालकीचा. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या सातारा-सांगलीकडचे हजारो बदली कामगार असत. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे. आज काम मिळेल की नाही याची धाकधूक, आणि ते ज्याच्या हाती त्या जॉबरचा धाक. धाकधूक आपली, धाक त्याचा. 1982 च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर त्या गिरण्याच हळूहळू गेल्या, पण फाटके काही सगळीच गेली नाहीत; आज कंत्राटदाराच्या माणसांच्या रांगेत उभे राहून पाहावे. बाई कामावर छळाची तक्रार करते तेव्हा ती म्हणते, “त्यांचा धाक वाटतो.” त्याचे ‘ती नर्व्हस असते’ असे केले की तक्रार कोणाविरुद्ध होती तेच कळेनासे होते. अशा वेळी इंग्रजीत ‘इंटिमिडेशन’ असा स्पष्ट शब्द आहे. तो वापरायला कोणाचा धाक आहे?

शेवटी ज्या शब्दासाठी आम्ही हा विषय घेतला, तो शब्द. ‘घाबरे होणे.’ येथे बसलेल्या माताभगिनींनी तर हे विशेष ऐकावे. ‘मी घाबरले’ आणि ‘मला घाबरं होतंय’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले मनाचे आहे, दुसरे शरीराचे. जीव घाबरा होणे म्हणजे श्वास पुरेनासा होणे, छातीत कोंडणे, घाम सुटणे, काहीतरी फार बिघडले आहे असे वाटणे. आपल्या आया-आजी हा शब्द असाच वापरत आल्या आहेत. डॉक्टर लोक सांगतात की हृदयविकाराचा झटका नेहमी छातीत कळ घेऊनच येतो असे नाही. बायकांत तर तो पुष्कळदा धाप, मळमळ, थकवा, घाम अशा रूपात येतो. म्हणजे नेमका ‘घाबरं होतंय’ म्हणूनच येतो.

आमच्या संघटनेत कँटीनला काम करणाऱ्या एक बाई होत्या. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणत असू. वय पन्नाशीच्या आतबाहेर. एका दुपारी त्या भांडी ठेवून खाली बसल्या आणि म्हणाल्या, “घाबरं घाबरं होतंय रं बाबा.” त्यांना दवाखान्यात नेले. कोणत्या, ते येथे सांगण्याचे कारण नाही. तेथला तरुण डॉक्टर परप्रांतातून आलेला, मराठी जेमतेम, सोबतच्या माणसाने शिकलेपणाने भाषांतर केले, “शी इज फीलिंग नर्व्हस.” डॉक्टरने विचारले, घरी काही ताण आहे का? आता गरिबाच्या घरी ताण नाही असे कधी असते काय? मावशी म्हणाल्या, आहे. कागदावर तसे लिहिले गेले, झोपेच्या गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले. दुसऱ्या रात्री मावशी गेल्या. छातीचा आलेख काढला असता तर त्या वाचल्या असत्या, असे छातीठोकपणे आम्ही म्हणू शकत नाही. पण तो काढला गेला नाही, आणि न काढण्याचे कारण एका शब्दाच्या भाषांतरात होते, एवढे म्हणतो. तो कागद आमच्याजवळ आहे. आम्ही तो अधूनमधून बाहेर काढतो.

तेव्हापासून संघटनेच्या कचेरीत आम्ही एक साधी पद्धत ठेवली आहे. जबानी देणाऱ्याने घाबरण्याचा कोणताही शब्द उच्चारला की आमचा कार्यकर्ता तो आधी मराठीतच, त्याच्याच तोंडचा, ‘भ्या’ असेल तर ‘भ्या’ असाच, लिहून घेतो. मग विचारतो: हे केव्हापासून? कशाने, की कोणामुळे? अंगात कोठे जाणवते? झोप, जेवण, काम यांवर काय परिणाम झाला? एवढे झाल्यावर इंग्रजी करायचे, आणि ‘नर्व्हस’ हा शब्द शेवटी उरला तरच लिहायचा. आमच्या कार्यकर्त्यांचा अनुभव असा की तो फारसा उरत नाही. क्वचित उरतो. परवाच एक मुलगा मुलाखतीला चालला होता, त्याला विचारले, काय होतंय? म्हणाला, “काही नाही दादा, थोडा नर्व्हस आहे.” त्याचे आम्ही मराठी करीत बसलो नाही.

दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी मात्र आम्ही एक चिठ्ठी छापून घेतली आहे. तिच्यावर ‘घाबरे होणे’ या शब्दाखाली इंग्रजीत तीन ओळी आहेत: श्वास पुरत नाही, छातीत कोंडते, घाम येतो, हृदयाची तपासणी करावी. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध डॉक्टरांनी ती तपासून दिली आहे. सभेनंतर दाराशी ठेवलेल्या टेबलावर या चिठ्ठ्या आहेत, त्यांना किंमत नाही. घरी वयस्क माणूस असेल त्याने एक न्यावी आणि रेशनकार्डाबरोबर ठेवावी.